फुफ्फुसाच्या कर्करोगावर संशोधन: पोस्टडॉक संपत आलाय, स्वतःचा पहिला निधी कुठून मिळवू?

पेशींची_पहारेकरी

नमस्कार मंडळी.

मी फुफ्फुसाच्या कर्करोगावर काम करते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची कराराची संशोधक, आहे, तीन वर्षं आणि एक महिना झाला. तिथली नागरिक नाही, व्हिसावर आहे. करार अजून चौदा महिन्यांचा. मागच्या महिन्यात आमच्या गाईडनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की लॅबची मोठी ग्रँट पुढे चालू राहीलच असं धरून बसू नका. ज्याला स्वतःचे पैसे आणता येतील त्याने आत्तापासून हालचाल करा. ते मोकळेपणाने बोलले, त्याबद्दल मला राग नाही. पण त्या दिवसापासून रात्री नीट झोप लागलेली नाही.

कामाबद्दल थोडक्यात. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या गाठीतल्या पेशींना ऑसिमर्टिनिब दिलं की बहुतेक पेशी मरतात. थोड्या उरतात. या उरलेल्या पेशींमध्ये औषधाला निष्प्रभ करणारा नवा जनुकीय बदल झालेला नसतो. त्या नुसत्या थांबतात, विभाजन जवळजवळ बंद करतात आणि औषध सोसत राहतात. औषध काढलं की पुन्हा वाढू लागतात, आणि गंमत नाही, खरोखर असं होतं की तेव्हा त्या औषधाला परत पहिल्यासारख्याच बळी पडतात. अशा पेशींचं वर्णन २०१० मध्ये झालं आणि तेव्हापासून बऱ्याच लॅब त्यांच्या मागे आहेत. माझा प्रश्न असा आहे, की थांबलेल्या पेशींना शेजारच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींना आधार देणाऱ्या निरोगी, पेशी जगवतात का, आणि जगवत असतील तर तो आधार काढून घेता येईल का.

या विषयात मी आले ती माझ्या मावशीमुळे. तिने आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती. निदान झाल्यावर भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी तेच विचारायचा. ती दर वेळी तितक्याच शांतपणे ‘नाही’ म्हणायची. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

वर्षभरात दोन अर्ज केले, दोन्ही नाकारले गेले. एकावर शेरा होता, ‘कल्पना चांगली, प्राथमिक डेटा अपुरा.’ दुसऱ्यावर, ‘हे काम मार्गदर्शकाच्या कामापेक्षा वेगळं कसं ते कळत नाही.’ आता माझ्याकडे निधी देणाऱ्या संस्थांची एक एक्सेल फाईल आहे, तिच्यात ६३ ओळी झाल्यात. रोज रात्री एखादी ओळ वाढते आणि अर्ज मात्र एकही पुढे सरकत नाही. कुठून सुरुवात करू? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

---

श्वासनलिका

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. माझी लॅब सुरू होऊन अकरा वर्षं झाली, विषय हाच अवयव. त्याआधी माझे सात अर्ज नाकारले गेले होते. ते का पडले हे मला कळलं ते पुढे परीक्षक म्हणून दुसऱ्यांचे अर्ज वाचायला लागल्यावर. म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

त्या ६३ ओळींपैकी निम्म्या आजच खोडता येतील. एनआयएच, म्हणजे अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी संस्था, तिच्या एफ३१ आणि एफ३२ या फेलोशिपना नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. खोडा. डेमन रनियन या कर्करोग प्रतिष्ठानाची फेलोशिप नव्याने रुजू झालेल्या पोस्टडॉकसाठी असते, त्या लॅबमध्ये वर्षाहून जास्त काळ झालेल्यांना ती नाही. खोडा. कॉन्कर कॅन्सर फाउंडेशनचा यंग इन्व्हेस्टिगेटर अवॉर्ड, एका वर्षासाठी ५०,००० डॉलर, फार चांगला आहे, पण तो डॉक्टरांसाठी आहे. तुमची वैद्यकीय पदवी नसेल तर तोही जाऊ दे. लंगेव्हिटी या फुफ्फुस कर्करोग प्रतिष्ठानाचा करिअर डेव्हलपमेंट अवॉर्ड, तीन वर्षांत मिळून ३,००,००० डॉलर, स्वतंत्र पदाच्या पहिल्या काही वर्षांतल्या लोकांना मिळतो. ती ओळ खोडू नका, खाली सरकवा. दोन वर्षांनी तीच तुमच्या सगळ्यात कामाची ठरू शकते.

आता जे खोडायचं नाही ते. एनआयएचचं के९९/आर००. याला नागरिकत्व लागत नाही. पहिला भाग, के९९, जास्तीत जास्त दोन वर्षं, मार्गदर्शकाच्या लॅबमध्ये राहून. दुसरा भाग, आर००, तीन वर्षांपर्यंत, वर्षाला २,४९,००० डॉलरपर्यंत, तुम्हाला अमेरिकेत स्वतंत्र पद मिळालं की सुरू होतो. अट अशी, की पोस्टडॉकची चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज जायला हवा, आणि इथे बरेच जण फसतात: पुन्हा सादर केलेला अर्जसुद्धा त्याच चार वर्षांच्या आत बसावा लागतो. तुमची तीन वर्षं आणि एक महिना झाला. म्हणजे हातात अकरा महिने. या अर्जांच्या तारखा १२ फेब्रुवारी, १२ जून आणि १२ ऑक्टोबर, पुनःसादर अर्जांच्या १२ मार्च, १२ जुलै आणि १२ नोव्हेंबर. परीक्षकांचा अहवाल यायला साधारण पाच महिने धरा. येणारी तारीख गाठलीत तर पहिला अर्ज, अहवाल, दुरुस्ती आणि दुसरा अर्ज असं सगळं कसंबसं बसतं. ती हुकली तर एकच संधी उरते. एकच संधी असलेल्या माणसाने लिहिलेला अर्ज वाचताना ते जाणवतं, तो घाबरून सगळंच त्यात कोंबतो.

बाळंतपण, आजारपण, घरातल्या कुणाची शुश्रूषा यासाठी चार वर्षांना मुदतवाढ मागता येते. लागू असेल तर संकोच करू नका, मागा.

तरीही सगळी मदार एका अर्जावर ठेवू नका. दिवस कठीण आहेत. एनआयएचच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आर०१, म्हणजे स्वतंत्र संशोधकांच्या नेहमीच्या मोठ्या अनुदानाच्या, अर्जांपैकी वरच्या १० टक्क्यांपर्यंतच्यांना २०२४ मध्ये निधी मिळत होता. २०२५ मध्ये ती रेषा ४ टक्क्यांवर आली. के९९ची निवड त्या रेषेवर होत नाही, पण पैशाचा हात आखडला की सगळीकडेच आखडतो. अमेरिकी संरक्षण खात्याचा फुफ्फुस कर्करोग संशोधन कार्यक्रम २००९ मध्ये २ कोटी डॉलर घेऊन सुरू झाला. त्यातला कॉन्सेप्ट अवॉर्ड मला फार आवडतो, कारण तो कल्पनेला पैसे देतो, प्राथमिक डेटाची सक्ती करत नाही. पण या कार्यक्रमाला दर वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नव्याने पैसे मंजूर करावे लागतात, आणि २०२५ मध्ये संरक्षण खात्याच्या अशा वैद्यकीय कार्यक्रमांचा एकूण निधी निम्म्याहून खाली आला. त्यामुळे त्या वर्षीची घोषणा प्रत्यक्ष निघाल्याखेरीज त्यावर आठवडे घालवू नका.

युरोपात जायची तयारी असेल तर युरोपीय संघाची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. तिथे पाहतात ते असं: पीएचडीनंतर संशोधनाची ८ वर्षं उलटलेली नसावीत, आणि ज्या देशात जायचं त्या देशात गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. तुम्ही अमेरिकेत आहात, म्हणजे ही अट आपसूक पूर्ण होते. ईआरसीचं, म्हणजे युरोपीय संशोधन परिषदेचं, स्टार्टिंग ग्रँट मोठं आहे, पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत, आणि तेही राष्ट्रीयत्व बघत नाही. फक्त काम युरोपातल्या किंवा सहयोगी देशातल्या संस्थेत करायचं. पीएचडीपासूनच्या वर्षांची मर्यादा ते मधूनमधून बदलतात, ती त्या वर्षीच्या सूचनेतच वाचा.

आता तुमच्या दोन शेऱ्यांबद्दल. डेटा अपुरा हा शेरा सगळ्यांना मिळतो. दुसरा शेरा जास्त गंभीर आहे आणि तो दुरुस्त करणं तुमच्या हातात आहे. तुमच्या गाईडपाशी बसा आणि सरळ विचारा: मी गेल्यावर यातलं काय माझ्याबरोबर येणार? थांबलेल्या पेशी त्यांच्या असतील तर फायब्रोब्लास्टचा प्रश्न तुमचा असू दे. हे त्यांनी शिफारसपत्रात स्पष्ट लिहायला हवं, ‘या विषयावर माझी लॅब पुढे काम करणार नाही’ इतक्या स्पष्ट शब्दांत. मी परीक्षक म्हणून बसलो तेव्हा शिफारसपत्रातल्या कौतुकाच्या दोन पानांपेक्षा या एका वाक्याने मंडळातली चर्चा फिरलेली पाहिली आहे.

डेटासाठी पैसे लागतीलच असं नाही. टीसीजीए या अमेरिकी कर्करोग-जनुक प्रकल्पाचा फुफ्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाचा (कर्करोगाचा एक प्रकार) संच २०१४ मध्ये २३० गाठींच्या विश्लेषणासह प्रसिद्ध झाला, तो खुला आहे. पण त्या गाठी उपचाराआधी शस्त्रक्रियेत काढलेल्या. तुमच्या प्रश्नाला त्या अर्धवटच उत्तर देतील. उपचार चालू असताना घेतलेल्या बायोप्सींचा एकेका पेशीचा डेटा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात उरलेल्या कर्कपेशींच्या आसपास कोणते फायब्रोब्लास्ट आहेत ते बघा. तीन आठवडे संगणकापुढे बसलात तर अर्जात घालायला एक आकृती नक्की मिळेल, आणि ती माणसांतली असेल, डिशमधली नाही.

शेवटचं. अर्जाची सुरुवात ‘फुफ्फुसाचा कर्करोग हे जगात कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं पहिलं कारण आहे’ अशी करू नका. खरं आहे ते. २०२२ मध्ये जगभरात सुमारे २५ लाख नवे रुग्ण आणि १८ लाख मृत्यू. पण माझ्यासमोरच्या गठ्ठ्यातला प्रत्येक अर्ज त्याच वाक्याने सुरू झालेला असतो, आणि तिसऱ्या अर्जापासून डोळा ते वाक्य ओलांडून पुढे जातो. तुम्ही वर लिहिलं आहे ना, ‘त्या नुसत्या थांबतात’, तिथून सुरू करा. मी तिथे थांबलो होतो.

---

अनुदान_कक्ष

श्वासनलिका सरांनी शास्त्राचं सांगितलं, मी कागदांचं सांगते. एका संशोधन संस्थेत अर्ज तपासून पुढे पाठवायचं काम नऊ वर्षं करते आहे.

निधी देणाऱ्याची तारीख ही तुमची तारीख नसते. बहुतेक संस्थांना अंतिम अर्ज पाच ते दहा कामकाजाचे दिवस आधी आमच्यासारख्या कक्षाकडे लागतो. आमच्याकडे एक मुलगा शेवटच्या दिवशी दुपारी आला होता. अर्ज उत्तम होता, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एक भाग रिकामा राहिलेला, आणि सही करणाऱ्या बाई प्रवासात. तो अर्ज गेलाच नाही. मला अजून त्याचा चेहरा आठवतो. म्हणून आज, अर्जाचं एक अक्षरही लिहायच्या आधी, तुमच्या संस्थेच्या कक्षाला कळवून ठेवा की अमुक तारखेला मी अर्ज करणार आहे.

काही प्रतिष्ठानांना एका संस्थेकडून एकच किंवा दोनच उमेदवार चालतात. मग आधी संस्थेच्या आत निवड होते, आणि तिची तारीख बाहेर कुठेच छापलेली नसते. ती कक्षातच कळते.

प्रतिष्ठानांच्या अनुदानात संस्थेचा वरखर्च एकतर मिळतच नाही किंवा फार थोडा मिळतो. काही विभागप्रमुख यावरून कुरकुर करतात. ते आधीच बोलून घ्या, नाहीतर अनुदान मिळाल्यावर पेच होतो. आणि पत्रात हे विचारून घ्या, की संस्था बदलली तर पैसे बरोबर नेता येतील का. तुमच्या बाबतीत तर हे नक्की होणार आहे.

औषध कंपन्यांच्या निधीचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. संशोधकाने स्वतः आखलेल्या अभ्यासाला कंपन्या पैसे किंवा नुसतं औषध देतात. तुम्हाला ऑसिमर्टिनिब लागणारच. पण करारातलं निष्कर्ष प्रसिद्ध करण्याबद्दलचं कलम दोनदा वाचा. प्रसिद्धीआधी काही आठवडे मसुदा त्यांना दाखवणं ही नेहमीची पद्धत आहे. ‘कंपनीच्या संमतीशिवाय प्रसिद्धी नाही’ असं असेल तर सही करू नका, आमच्यासारख्यांकडे या.

---

एक_श्वास_अजून

मी संशोधक नाही. मला सहा वर्षांपूर्वी चौथ्या टप्प्याचा फुफ्फुसाचा कर्करोग झाला, एएलके पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत एएलके जनुकात बदल असलेला. फुफ्फुसाच्या कर्करोगातला हा बदल शास्त्रज्ञांना २००७ मध्ये सापडला आणि त्याच्यावरचं पहिलं औषध २०११ मध्ये मंजूर झालं. चार वर्षांत. मी रोज गोळी घेते तेव्हा कधीकधी मनात येतं, की २००७ च्या आधी कुणीतरी कुणालातरी या कामासाठी पैसे दिले असतील. तो अर्ज वाचणाऱ्याला माझं नाव माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

गेली तीन वर्षं मी एका मोठ्या निधी कार्यक्रमात रुग्ण-परीक्षक म्हणून अर्ज वाचते. अशा काही कार्यक्रमांत रुग्णांच्या मताला शास्त्रज्ञांच्या मताइतकंच वजन असतं. संरक्षण खात्याच्या ज्या कार्यक्रमाचा वर उल्लेख आला, तिथेही तसंच आहे. कोणत्या अर्जात काय होतं हे मी सांगू शकत नाही, गुप्ततेची शपथ आहे. पण मी कशी वाचते ते सांगते.

सगळ्यात आधी साध्या भाषेतला सारांश. बऱ्याच जणांनी तो शेवटच्या रात्री, शास्त्रीय सारांशातले अवघड शब्द गाळून केलेला असतो. ते लगेच कळतं. मला जनुकांची नावं नको असतात असं नाही, माझ्या आजाराची नावं मला पाठ आहेत. मला हे हवं असतं: हे काम झालं तर माझ्यासारख्या कुणाच्या आयुष्यात काय बदलेल, आणि साधारण किती वर्षांनी. ‘लवकरच’ लिहू नका. दहा वर्षं लागणार असतील तर दहा लिहा. आम्हाला खोट्या आशेची सवय नको आहे, आणि खरं सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

दुसरं, नमुने. उपचार चालू असताना पुन्हा बायोप्सी घ्यायची असेल तर ती का, कितीदा, आणि ती रक्ताच्या तपासणीवर भागणार नाही का, हे लिहा. माझ्या फुफ्फुसात दोनदा सुई गेली आहे. दुसऱ्या वेळी हवा भरली आणि नळी घालून चार दिवस पडून होते. शास्त्रासाठी मी तिसऱ्यांदाही देईन, पण ज्याने मागितलं त्याला त्याची किंमत ठाऊक आहे असं मला अर्जात दिसलं पाहिजे.

तिसरं, सिगारेट. काही अर्ज पहिल्याच परिच्छेदात ‘कधीही धूम्रपान न केलेल्या निष्पाप रुग्णांना’ असं लिहितात. कृपा करून लिहू नका. मी ओढली नाही, पण आमच्या गटात ज्यांनी ओढली तेही माझ्याच शेजारी बसून तीच औषधं घेतात. कुणालाच हा आजार कमावल्यासारखा वाटायला नको. या आजाराला त्याने घेतलेल्या बळींच्या मानाने कमी पैसे मिळतात, त्यामागे हेच आहे असं माझं ठाम मत आहे. लोकांना वाटतं, स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं. मग देणगीला हात पुढे येत नाही. तुमच्या मावशीबद्दल वाचून मला फार जवळचं वाटलं.

आणि एक, कदाचित तुमच्या ६३ ओळींत नसेल. आता एकेका जनुकीय बदलाचे रुग्णगट झाले आहेत. एएलके पॉझिटिव्ह, ईजीएफआर रेझिस्टर्स, आरओएस-वनडर्स. हे रुग्णांनी आणि घरच्यांनी उभे केलेले गट आहेत. ते पैसे गोळा करतात आणि संशोधनाला देतात, कधी स्वतः, कधी मोठ्या प्रतिष्ठानाबरोबर मिळून. ईजीएफआर रेझिस्टर्स या गटाचं तर नावच तुमच्या विषयावरून आहे. आरओएस-वनच्या रुग्णांनी आपल्या गाठींचे नमुने देऊन लॅबमध्ये वाढवत ठेवता येणारे नवे पेशी-वंश (सेल लाइन) तयार करायला मदत केली. पैसे मिळोत न मिळोत, त्यांच्याशी बोला. अर्ज लिहायच्या आधी बोला, शिफारसपत्र हवंय म्हणून शेवटच्या आठवड्यात नको.

---

छातीचा_डॉक्टर

चर्चा छान चालली आहे. मध्येच माझा प्रश्न घुसवतो. मी श्वसनविकारांचा डॉक्टर, कमी उत्पन्नाच्या देशातल्या सरकारी रुग्णालयात. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण आजार पसरल्यावर येतात, आणि त्यातल्या कित्येकांना आधी क्षयाचे उपचार दिले गेलेले असतात, कारण क्ष-किरणात दोन्ही सावल्या सारख्या दिसतात. निदानाला नेमका उशीर कुठे होतो हे मला मोजायचं आहे. मोठी लॅब नाही, पाच वर्षांच्या नोंदवह्या आहेत. माझ्यासारख्याला कोण विचारणार?

---

श्वासनलिका

डॉक्टर, तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला. त्याला मोठा निधी लागणारही नाही. अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे एएस्कोचं, इंटरनॅशनल इनोव्हेशन ग्रँट बघा. ते कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठीच आहे, वर्षभरासाठी २०,००० डॉलरपर्यंत, आणि तुमच्यासारख्या प्रत्यक्ष सेवेतल्या प्रश्नांसाठीच काढलेलं आहे. त्यांचाच आयडिया नावाचा पुरस्कार तरुण कर्करोगतज्ज्ञांना परिषदेला बोलावून एखाद्या ज्येष्ठाशी जोडून देतो. पैसे थोडे, ओळख मोठी. यूआयसीसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेच्या फेलोशिपवर काही आठवडे दुसऱ्या केंद्रात जाऊन एखादी पद्धत शिकता येते. फ्रान्समधल्या लियों इथली आयएआरसी, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, कमी उत्पन्नाच्या देशांतल्या पोस्टडॉकना घेते. साथरोगशास्त्र शिकायचं असेल तर तिच्यासारखी जागा नाही. आणि आयएएसएलसी, फुफ्फुसाच्या कर्करोगाची आंतरराष्ट्रीय संघटना, १९७४ पासूनची. तिचे तरुण संशोधकांचे पुरस्कार आणि फेलोशिप कुठल्याही देशातून मागता येतात का, हे दर वर्षीच्या घोषणेत बघा, बहुतेक वेळा दार उघडं असतं.

एक सावधगिरी. पूर्वी अमेरिकेतल्या मोठ्या एनआयएच ग्रँटमध्ये उप-अनुदान म्हणून परदेशी केंद्राला जोडून घेणं सोपं होतं. २०२५ मध्ये एनआयएचने ती पद्धत थांबवली आणि वेगळी रचना आणायचं जाहीर केलं. कुणी जुन्या भरवशावर ‘तुमच्या केंद्राला आमच्या अर्जात घालतो’ म्हणालं, तर नवा नियम समोर ठेवायला सांगा.

तुमच्या पाच वर्षांच्या नोंदवह्या हीच तुमची लॅब आहे, डॉक्टर. रुग्णाला पहिला खोकला कधी आला, पहिला क्ष-किरण कधी, क्षयाची गोळी कधी सुरू झाली, बायोप्सी कधी. चार तारखा. पन्नास रुग्णांच्या चार तारखा मांडल्यात की तुमचा प्राथमिक डेटा झाला. त्यासाठीही नीतिसमितीची परवानगी मात्र आधी घ्या.

---

छातीचा_डॉक्टर

चार तारखा. हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. समितीचा अर्ज आज रात्रीच भरायला घेतो.

---

पेशींची_पहारेकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांत काय केलं ते सांगते.

६३ पैकी ४१ ओळी खोडल्या. गाईडशी बोलले. फार अवघड गेलं, हात थरथरत होते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, फायब्रोब्लास्ट तू घेऊन जा, मी पत्रात लिहितो. कक्षाला तारीख कळवली. एनआयएचच्या प्रोग्रॅम ऑफिसरना, म्हणजे तिथल्या अनुदानांबद्दल अर्जदारांशी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना, एका पानाची उद्दिष्टं पाठवली आहेत, उत्तराची वाट बघते आहे. आणि २०२० चा तो बायोप्सींचा डेटा उतरवून घेतला, अजून काही दिसलेलं नाही.

एक_श्वास_अजून ताई, साध्या भाषेतला सारांश पहिल्यांदा आधी लिहिला, बाकी अर्ज नंतर. तुम्ही वाचून सांगाल का?

‘फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर रोज घ्यायची गोळी आहे. तिने गाठ आकसते आणि रुग्ण पुन्हा कामाला लागतात. पण गाठ पूर्ण जात नाही. काही पेशी मरत नाहीत आणि वाढतही नाहीत, त्या थांबून राहतात. पुढे कधीतरी आजार परततो तो बहुधा त्यांच्यातूनच. त्यांच्या शेजारच्या निरोगी पेशी त्यांना जगायला मदत करतात का, हे मला शोधायचं आहे. करत असतील तर ती मदत तोडणारं औषध गोळीबरोबर देता येईल. हे काम लॅबमधलं आहे. ते यशस्वी झालं तरी रुग्णांपर्यंत पोचायला दहा वर्षं लागू शकतात.’

---

एक_श्वास_अजून

दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी, दुसऱ्यांदा माझ्यासाठी. दहा वर्षांचं वाक्य तसंच ठेवा, कुणी काढायला सांगितलं तरी.

एकच विचारते. ‘पुढे कधीतरी’ म्हणजे कधी? त्या किती दिवस थांबतात? माझ्या स्कॅनमध्ये एक लहानसा ठिपका तीन वर्षं तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, बघत राहू. मला नेहमी वाटतं, तो काय करत असेल.

---

पेशींची_पहारेकरी

ताई, हा प्रश्न माझ्या अर्जात कुठेच नव्हता. मी डिशमध्ये औषध घालते, नऊ-दहा दिवसांनी उरलेल्या पेशी मोजते आणि प्रयोग तिथेच संपवते, कारण सगळे तिथेच संपवतात. फायब्रोब्लास्ट शेजारी असताना त्या महिनाभर, तीन महिने थांबतात का, हे मी कधी पाहिलंच नाही.

काल संध्याकाळी बारा डिश लावल्या. सहांमध्ये फायब्रोब्लास्ट आहेत, सहांमध्ये नाहीत. या वेळी दहाव्या दिवशी टाकून देणार नाही. उद्दिष्टांच्या पानावर पहिलं उद्दिष्ट बदललं आहे, आणि गाईडना पुन्हा वाचायला दिलंय.